संदर्भासाठी

राजेशम म्याकल आठवडाभर
इस्त्रीचा शर्ट घालून कामाला येतोय.
जकार्डवरच्या माणसाच्या भुवयांवर
दुपारपर्यंत कापूस साचतो.
इस्त्री कशाला लागते?

परवा दाढ सुजली म्हणून अर्धा दिवस गेला,
आणि संध्याकाळी माझ्यासमोर
कडक भाकरी कडाकडा मोडून खाल्ली, शेंगाचटणीबरोबर.
मी बघितलं.
मी बघितलेलं त्यानं बघितलं.
दोघंही पाणी प्यालो.

फोन आला की तो लिंबाखाली जातो,
पाठ फिरवून तेलुगूत बोलतो.
अक्कलकोट रोडवर चोवीस वर्षं टॉवेल विणून
मला दोनच शब्द नीट आले:
जीतम म्हणजे पगार,
नेल म्हणजे महिना.
नेमके तेवढेच लिंबाखालून ऐकू येतात.

बायको म्हणाली, विचारा की सरळ.
काय विचारू?
जाणार आहेस का, असं विचारलं
की न जाणारासुद्धा आपली पिशवी एकदा उचलून बघतो.
भाऊ म्हणाला, बोनस अडकवून ठेव.
हिशेबनीस म्हणाले, एखादा पोऱ्या त्याच्या हाताखाली लावा,
सहा महिन्यांत तयार होईल.
लावला. अमोघसिद्ध, विशीचा.
राजेशम त्याच्यापासून काही लपवत नाही.
कार्डाचं एक भोक चुकलं तर
मोराचा पाय कुठं जाऊन पडतो, तेसुद्धा दाखवतो.
त्याचीच मला जास्त भीती वाटली.
राहणारा माणूस एवढं शिकवत नाही.

सोमवारी वीजबिल ठेवायला झेरॉक्सचं झाकण उघडलं,
तर काचेवर एक पालथा कागद.
वाचायला नको होता.
उभ्या उभ्या दोनदा वाचला.
शिक्षण नववी.
भाषा तेलुगू, मराठी, कन्नड. हिंदी समजते.
अनुभव एकोणीस वर्षं, सगळा एकाच जागी.
सांभाळलेले माग: आठ.

बारा रे, बारा.
मागल्या शेडमधले चार तूच उभे केलेस ना,
तीन रात्री सुताच्या पोत्यावर झोपून?

अपेक्षित पगार
मी देतो त्याहून तीन हजार जास्त.
एवढ्यासाठी वापी?
की एवढंच मागायला
एकोणीस वर्षांत माझ्यापाशी जीभ उचलली नाही?

आणि सगळ्यात खाली, संदर्भासाठी:
इरण्णा हत्तुरे, मालक.
माझाच नंबर.
लिहायला दुसरं कुणी नव्हतंच त्याच्याकडं.

मीही एकदा जिवंत मावशीला मारून
एका शेठकडून दोन दिवसांची रजा घेतली होती.
मावशी पुढं अकरा वर्षं जगली.
लग्नाकार्यात भेटली की
मी आधी तिच्या पायाशी वाकायचो,
तोंड बघायला लागू नये म्हणून.

पेन्सिलीनं आठाचे बारा केले.
कागद होता तसा पालथा ठेवला.
वीजबिलाची झेरॉक्स बाहेरून काढून आणली.

मंगळवारी कागद तिथं नव्हता.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
सुताच्या कोनाच्या पुठ्ठ्यावर मी
तीन हजार गुणिले बारा केले,
मग पुठ्ठा उलटा करून पुन्हा केले.
उत्तर तेच आलं.
अमोघसिद्धच्या मागावर मोराला त्या दिवशी
दोन्ही पाय जागेवर होते.

काल दुपारी फोन आला. शून्य दोन साठ.
आत बारा माग चालू, स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही.
बाहेर आलो.
रेंज लिंबाखालीच येते, हे मला
इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.
पलीकडचा विचारत होता, आदमी कैसा है?

वाईट सांगितलं तर राहील.
चांगलं सांगितलं तर जाईल.
जाळीच्या खिडकीतून राजेशम बघत होता,
भुवया पांढऱ्या, कॉलर कडक.
मी पाठ फिरवली
आणि बोलायला लागलो.